पाळणाघराचे स्वयंपाकघर : चुलीवर सगळेच शुद्ध होत नाही

रविवार हा जोतिबाचा वार. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर त्या दिवशी पहाटेपासून गाड्या चढू लागतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर लाखो भाविक येतात. गुलाल, दवणा, खोबरे, पेढे, बांगड्या, खेळणी, चहा-भजी अशा नाना जिनसांच्या विक्रीवर कित्येक कुटुंबांची रोजी चालते. आपले बांगडीवाले, खेळणीवाले, भांडीवाले बांधवही महाराष्ट्रभर अशा जत्रा-यात्रांतून दुकाने मांडतात. गर्दीच्या दिवशी फळीमागे, पोत्यांच्या आडोशाला एखादे दोन-तीन वर्षांचे मूल झोपलेले असते. आई गिऱ्हाईक सांभाळते, बाप माल आणायला गेलेला असतो, आणि मूल हाताला लागेल ते खाते. दुकान कोणत्याही जातीधर्माच्या माणसाचे असो, ही अडचण सगळ्यांची सारखीच आहे.

म्हणूनच बाजारपेठेच्या आणि यात्रेच्या गावांत पाळणाघराची गरज वाढत आहे. चार भगिनींनी मिळून एक खोली घ्यावी, पंधरा-वीस मुले सांभाळावीत, दुपारी त्यांना गरम जेवण द्यावे, हा चांगला आणि हलाल व्यवसाय आहे. पण त्यात एक जोखीम आहे. घरात चूक झाली तर एक मूल आजारी पडते. पाळणाघरात तीच चूक एका पातेल्यातून वीस मुलांच्या पोटात जाते. शिरोळ तालुक्यातील शिवनाकवाडी येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये गावच्या यात्रेतील प्रसादाची खीर खाऊन दोनशेहून अधिक माणसांना उलट्या-जुलाब झाले. तेथे मोठी माणसेही आडवी झाली. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात तर पाणी थोडेच असते, ते काही तासांत कोमेजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगाच्या लोकसंख्येत पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण ९ टक्के आहे, पण दूषित अन्नाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के मृत्यू याच मुलांचे असतात.

वाचक म्हणतील, हे स्वयंपाकिणीला सांगा, व्यापाऱ्याच्या पानावर कशाला? कारण त्या पातेल्यात जे पडते ते आपल्याच दुकानातून जाते. तांदूळ, डाळ, शेंगदाणे, तेल, दूध, अंडी, मटण आपण देतो. पातेले आपण विकतो आणि त्याला कल्हईही आपणच करतो. आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे की, "एकदा उकळले की सगळे शुद्ध." ती अर्धीच खरी आहे. बहुतेक जंतू उकळल्याने मरतात. पण बुरशीचे विष, कीटकनाशक, धातू आणि काही जंतूंनी अन्नात सोडलेले विष चुलीवर जळत नाही. जे चुलीवर जळत नाही ते चुलीपर्यंत पोहोचूच देता कामा नये. हे काम स्वयंपाकीण एकटी करू शकत नाही. त्याची सुरुवात दुकानात होते.

ढिगाच्या आतले धान्य

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की, पावसाने माल भिजला. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये आलेला हा प्रसंग आपण व्यापारातील इमानदारीचा धडा म्हणून सांगतो. तो आरोग्याचाही धडा आहे.

ओल्या धान्यावर बुरशी येते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते यकृतावर घाला घालते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवकाळी पावसाने मका भिजला. लोकांनी तोच मका आठवडेच्या आठवडे खाल्ला. शेकडो माणसांना कावीळ झाली आणि शंभराहून अधिक दगावली. त्यांनीही भाकरी भाजूनच खाल्ली होती, पण ते विष तव्यावर जात नाही.

कोल्हापूरचा पाऊस आपल्याला नवा नाही, आणि डोंगरमाथ्यावर तर धुके व दमटपणा अधिकच असतो. शेंगदाणा, मका, मिरचीपूड, खोबरे यांवर बुरशी लवकर चढते. भिजलेले पोते उन्हात वाळवून, बुरशी पाखडून, चांगल्या मालात मिसळण्याचा मोह होतो. वरची बुरशी दिसेनाशी होते, पण आत उतरलेले विष तसेच राहते. तेव्हा पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. जुना माल आधी काढावा. पाळणाघर, अंगणवाडी, शाळा यांच्याकडे जाणारे पोते उघडून हात तळापर्यंत घालावा. शेंगदाणा काळपट, सुरकुतलेला, कडवट लागला तर तो माल परत करावा. एका पोत्याचे नुकसान सोसता येते. शिवाय पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊच नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करूनच द्यावेत.

तेलाचा डबा

१६ जुलै २०१३ हा दिवस प्रत्येक किराणा दुकानदाराने लक्षात ठेवावा. बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मसती गंडामन गावी शाळेतील दुपारच्या जेवणानंतर मुले कोसळू लागली. भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी असे साधे जेवण होते. २३ मुले मरण पावली. तपासणीत तेलात आणि अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. स्वयंपाकिणीला तेलाची शंका आली होती, ती तिने बोलूनही दाखवली होती. तरी तेच तेल वापरायला सांगण्यात आले. ती स्वतःही ते जेवण खाऊन आजारी पडली. २०१६ मध्ये न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा दिली, पण मुले गेली ती गेलीच.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, खेड्यातील दुकानात खाद्यतेल, उंदराचे औषध, फवारणीचे औषध आणि फिनेल एका फळीवर ठेवू नये. औषधाचा रिकामा डबा, मग तो कितीही धुतलेला असो, तेला-मिठाला वापरू नये आणि कोणाला विकूही नये. तो खिळा मारून निकामी करावा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. स्वयंपाकिणीने "वास वेगळा येतोय" असे म्हटले की, माल बाजूला काढावा. तिला गप्प करू नये. मालकाचा शब्द मोठा आणि तिच्या नाकाचा अनुभव लहान, असे जेथे चालते तेथे कोणतीही खबरदारी टिकत नाही. मुलांना वाढण्यापूर्वी अर्धा तास आधी एखाद्या मोठ्या माणसाने जेवण चाखावे. बेचव, कडू, तिखट वास असे काही जाणवले तर ताट थांबवावे.

पितळेचे पातेले आणि पुण्याचा धडा

आता भांडेवाल्या आणि कल्हईवाल्या बांधवांसाठी. एकेकाळी आपल्या देशात दीड-दोन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक मुले दगावत. एका घरात एकामागून एक भावंडे जात. लोक म्हणत, घराण्याला शाप आहे. डॉक्टरी भाषेत त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असे नावच पडले.

१९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. टॅनर यांच्यासह या मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले होते. त्यांना लहानपणापासून गाई-म्हशीचे वरचे दूध दिले जाई, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवले किंवा ठेवले जाई. दुधातील प्रथिने भांड्यातील तांबे धरून ठेवतात. पाणी पितळी हंड्यात ठेवले तर तांबे फारसे उतरत नाही, पण दुधात ते भरपूर उतरते. तापवल्याने दुधातील जंतू मरत, आणि त्याच भांड्यातून तांबे दुधात येई. दूध तापवणारी आई मुलाचे भलेच करीत होती, तिला दोष कसा द्यावा? पुढे घराघरांत स्टेनलेस स्टील आले, डॉक्टरांनी आयांना समजावले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

कल्हईचे मोल यावरून कळते. कथलाचा तो पातळ थर तांबे-पितळ आणि अन्न यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. भाता चालवून भांडे तापवणे, नवसागर टाकणे, कथील फिरवून कापसाने पसरवणे हे कसबी काम आहे आणि आजही लग्नकार्याची, न्याजेची मोठी पातेली आपले कारागीर झळझळीत करून देतात. पण या कामात एक खोट शिरते. कथील महाग, शिसे स्वस्त. डागाच्या धातूत किंवा भंगारातून आलेल्या मिश्रणात शिसे असते. त्याची कल्हईही चमकते आणि गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. ते शिसे मात्र आमटीत, चिंचेच्या सारात, टोमॅटोत उतरते. शिसे मुलाच्या मेंदूला कायमची इजा करते आणि शिजवून ते जात नाही. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एका मुलाच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे आहे. पूर्वी पेट्रोलमधून येई, आजही ते रंग, जुन्या बॅटऱ्या, भेसळीची हळद आणि भांडी यांतून येते.

म्हणून कारागिराने शुद्ध कथीलच वापरावे, ते कोठून घेतले त्याची पावती जपावी आणि गिऱ्हाइकाला किंमत खरी सांगावी. दोनशे रुपयांची कल्हई दीडशेत देऊन एखाद्या मुलाची बुद्धी आपण विकू नये. पाळणाघरासाठी सल्ला सरळ आहे : दूध, ताक, सार आणि आंबट पदार्थ स्टीलच्याच भांड्यात असावेत. पितळी पातेले वापरायचेच असेल तर आतून लालसर किंवा पिवळा धातू दिसू लागताच ते कल्हईला द्यावे, तोपर्यंत त्यात काही शिजवू नये. आपण भांडे विकत असलो तर गिऱ्हाइकाला हे आपण होऊन सांगावे. त्याने पितळेचे पातेले न घेता स्टीलचे घेतले तरी त्याचा विश्वास आपल्याकडेच राहतो.

हात, नखे आणि मजुरी

वुजूची सवय असलेल्या माणसाला हात धुणे शिकवावे लागत नाही, असे आपण मानतो. मनगटापर्यंत हात, बोटांच्या फटी, झोपेतून उठल्यावर भांड्यात बुडवण्यापूर्वी हात धुणे, हे सारे आपल्या शिकवणुकीत आहे. पण वुजू ही इबादतीची तयारी आहे. पाळणाघरात मुलाची शी धुऊन आलेल्या हाताला नुसते पाणी पुरत नाही. साबण लावून वीस सेकंद तरी चोळावे, नखांच्या कडा घासाव्यात, वाहत्या पाण्याने धुवावे आणि स्वच्छ कपड्याला पुसावे. पदराला किंवा ओढणीला हात पुसले तर धुण्याचा उपयोग गेला. शौचाहून आल्यावर, मुलाचे नाक पुसल्यावर, कच्चे मांस किंवा अंडी हाताळल्यावर, पैसे मोजल्यावर आणि वाढण्यापूर्वी हात धुतलेच पाहिजेत. नखे कापलेली, केस बांधून झाकलेले, अंगठ्या काढलेल्या असाव्यात.

मुलांचे लंगोट बदलणारी आणि स्वयंपाक करणारी बाई एकाच वेळी एक असू नये. माणसे कमी असतील तर निदान कामाची वेळ वेगळी ठेवावी, लंगोट बदलण्याची जागा चुलीपासून दूर ठेवावी आणि स्वयंपाकाला वेगळे अॅप्रन घालावे. कच्च्या मांसाचा सुरा आणि पाट वेगळा असावा. त्यावर कोशिंबीर चिरू नये.

हाताला पिकलेला फोड किंवा जखम असेल तर त्या दिवशी अन्नाला हात लावू नये. फोडातील आणि नाकातील स्टॅफिलोकोकस जंतू अन्नात पडला की, उबदार जागी वाढून विष सोडतो. पुन्हा उकळले तर जंतू मरतो, पण विष राहते. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. जुलाब, उलटी, कावीळ, ताप असलेल्या बाईने स्वयंपाकघरात येऊ नये. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस जाऊ द्यावेत.

येथे मालकाची खरी परीक्षा आहे. रोजावर काम करणाऱ्या बाईची आजारपणात मजुरी कापली तर ती आजार लपवते. घरी चूल पेटायची असेल तर ती दुसरे काय करणार? तेव्हा हात धुण्याची पाटी भिंतीवर लावण्यापूर्वी आजारपणाची पगारी रजा द्यावी. दोन दिवसांचा रोज वीस मुलांच्या दवाखान्याच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि मजुराचा हक्क म्हणूनही तो तिला मिळायला हवा.

घड्याळाकडे लक्ष

शिजवलेल्या अन्नाची वैरी वेळ आहे. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. अनुकूल उबेत ते वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एका जंतूचे एका तासात ८ आणि चार तासांत ४,०९६ होतात. भाताची गोष्ट विशेष आहे. तांदळात असणाऱ्या एका जंतूची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात तासन् तास झाकून बाहेर ठेवला की ती रुजतात आणि विष सोडतात. ते विषही दुसऱ्यांदा गरम करून जात नाही. तेव्हा सकाळी दहाचा भात दुपारी दोनला वाढू नये. जेवणाच्या वेळेला धरूनच स्वयंपाक करावा, दोन तासांच्या आत वाढावा आणि उरलेले संध्याकाळसाठी ठेवू नये. फ्रीज नसेल तर थोडे कमी रांधावे.

जोतिबाच्या डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट. तेथे पाणी १०० नव्हे तर साधारण ९७ अंशांवर उकळते. जंतू मारायला तेवढे पुरते, मात्र डाळ शिजायला वेळ अधिक लागतो, म्हणून कुकर वापरावा. पिण्याचे पाणी खळखळ उकळून, झाकून, ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे. डोंगरावर पाणी जपून वापरावे लागते. तरी बचत फरशी धुण्यात करावी, हात धुण्यात करू नये.

कायदा आणि व्यवहार

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला. अन्न विकणाऱ्या वा शिजवून देणाऱ्याने नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि त्याला चौदा आकडी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवला तर किमान सात वर्षे कैदेची तरतूद आहे.

यात संधीही आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झालेली अंगणवाडीची योजना आज देशभर पसरली आहे. तिच्या पोषण आहारातून ठेकेदारांना दूर ठेवून ते काम महिला मंडळे व बचत गटांकडे द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पोषक जेवण मिळण्याचा हक्क दिला आहे. आपल्या भगिनींच्या बचत गटांनी हे काम मागावे. पण नोंदणी, मालाच्या पावत्या, कोणता माल कोणत्या दिवशी कोठून आला याची वही आणि चाखणाऱ्याची सही, एवढे तयार ठेवूनच मागावे.

दुकानात आणि स्वयंपाकघरात लावण्याजोगी यादी अशी :

१. पोत्यात हात तळापर्यंत. ओल किंवा बुरशी दिसली तर माल परत.

२. औषध आणि अन्न वेगळ्या खोलीत. औषधाचा डबा पुन्हा वापरायचा नाही.

३. दूध आणि आंबट पदार्थ स्टीलमध्ये. कल्हई शुद्ध कथलाची.

४. साबणाने हात, वीस सेकंद. आजारी बाईला पगारी रजा.

५. शिजवल्यावर दोन तासांत वाढणे. उरलेले ठेवायचे नाही.

६. आधी मोठ्याने चाखणे. शंका आली तर ताट थांबवणे.

कुरआनने अन्न हलाल आणि तय्यब असावे, असे सांगितले आहे. हलालकडे आपण काटेकोरपणे पाहतो, मटणाच्या दुकानात दहा प्रश्न विचारतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले, अपाय न करणारे. त्याविषयी शेंगदाण्याच्या पोत्याला, तेलाच्या डब्याला, कल्हईच्या पातेल्याला आपण किती प्रश्न विचारतो? फळीमागे झोपलेले ते मूल गिऱ्हाईक नाही. ते भाव करीत नाही, माल पारखत नाही, समोर येईल तो घास विश्वासाने गिळते. त्याच्यासाठी ढिगात हात घालून पाहण्याचे काम आपले आहे.